तंबोरा कुणी लावायचा?

मोबाइलमधल्या तंबोऱ्याचा वाद आता गाणं शिकणाऱ्या घराघरांत पोचला आहे. स्पर्धेत ॲप चालेल का, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला खऱ्या तंबोऱ्यांची जोडी आणायची की छोटा इलेक्ट्रॉनिक डबा पुरे, वर्गाच्या फीमधून तंबोरा घ्यायचा की नाही, यावर लोक तावातावाने बोलतात. एक पक्ष म्हणतो, यंत्रात जीव नसतो. लाकूड, भोपळा आणि माणसाचं बोट यांतून निघतो तोच खरा नाद. दुसरा पक्ष म्हणतो, ध्वनी म्हणजे हवेची कंपनं, ती मोजता येतात, आणि यंत्राची कंपनं लाकडापेक्षा पक्की असतात. बाकी सगळं भाबडेपण. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते आणि वीसहून अधिक वर्षं गाणं शिकते आहे. हा वाद ऐकताना मला मनापासून वाईट वाटतं. पहिला पक्ष गाण्याची बाजू घेतो आणि कानाला विसरतो. दुसरा विज्ञानाची बाजू घेतो आणि ध्वनिशास्त्रालाच विसरतो.

माझं म्हणणं आधीच सांगते. यंत्राच्या तंबोऱ्याचा आवाज कसा आहे, यावर भांडण्यात अर्थ उरलेला नाही. तो बराच चांगला आहे आणि आणखी चांगला होईल. विचारायला हवं ते हे, की तंबोरा लावतं, म्हणजे त्याच्या तारा सुरात जुळवतं, कोण? जो तंबोरा आधीच लागलेला येतो, तो शिकणाऱ्याच्या कानाचं अर्धं काम स्वतःकडे घेतो. आणि ते काम गेलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण वर्गात सगळं सुरेल वाजत असतं.

यंत्राच्या बाजूचे मुद्दे खरे आहेत आणि ते हलक्याने घेण्यासारखे नाहीत. दोन खोल्यांच्या घरात तंबोरा उभा करायला कोपरा नसतो. लोकलच्या गर्दीत तो घेऊन चढता येत नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या कधी घट्ट बसतात तर कधी सटकतात. भोपळ्याला एक धक्का लागला की तडा जातो. चांगल्या तंबोऱ्याची किंमत अनेक कुटुंबांना झेपत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बेसूर लागलेल्या तंबोऱ्याखाली वर्षभर बसलेलं मूल बेसूरच शिकतं. पूर्वीच्या सगळ्या वर्गांत सुंदर जुळलेल्या जोड्या वाजत होत्या, ही आठवण आपण सजवून ठेवलेली आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरमध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, तेव्हापासून तालुक्याच्या गावातल्या, गुरूपासून लांब राहणाऱ्या, एकट्याने पहाटे रियाज करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना खात्रीचा षड्ज मिळाला. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना तर दुसरा आधारच नसतो. हे उपकार मोठे आहेत.

मग ‘जीव’ हा शब्द कुठून आला? तंबोऱ्याच्या नादात काहीतरी वेगळं आहे हे कानाला कळत होतं, त्याला नाव नव्हतं, म्हणून. ते नाव शोधायचा गंभीर प्रयत्न आपल्याच देशात शंभर वर्षांपूर्वी झाला. १९२१ साली कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणेच्या तारांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. प्रकाशावरचा त्यांचा प्रसिद्ध शोध तेव्हा अजून सात वर्षं दूर होता. ताणलेली तार एकाच वेळी अनेक भागांत कंप पावते: अख्खी, अर्ध्या अर्ध्या, तिसऱ्या हिश्श्यात, चौथ्या हिश्श्यात. त्यामुळे मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. थॉमस यंगचा जुना नियम असा, की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटणार नाही. म्हणजे बरोबर मध्यावर छेडलं तर दुसरा, चौथा, सहावा हे सगळे गायब व्हायला हवेत. तंबोऱ्याची तार आपण साधारण मध्याच्या आसपासच छेडतो. तरी त्यातून उपस्वरांचा सगळा मेळा बाहेर पडतो! रामन यांनी दाखवलं, की इथे तो नियम पाळला जात नाही, आणि त्याचं कारण घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिला अगदी किंचित उतार असतो. तार तिच्यावर एका धारेवर टेकलेली नसते. हलताना ती घोडीच्या पाठीवर लोळते, टेकते, सुटते. प्रत्येक हेलकाव्यात तारेची शक्ती खालच्या उपस्वरांकडून वरच्यांकडे ढकलली जाते. सुताचा दोरा घोडीवर योग्य जागी सरकवला की हे टेकणं-सुटणं नेमकं जमतं, आणि आपण म्हणतो, जवारी उघडली. ज्याला आपण जीव म्हणत होतो, तो या घोडीच्या पाठीवर होता. हे कळल्याने माझ्या लेखी तंबोऱ्याची थोरवी वाढली. पण ज्याचं कारण कळलं, त्याची नक्कलही करता येते, हे त्यासोबत मान्य करावंच लागतं. सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन ध्वनी साठवण्याची रीत सीडीपासून रुळलेली आहे. माणसाच्या कानाला ऐकू येणारं जवळपास सगळं त्यात मावतं. उत्तम तंबोऱ्याचं उत्तम ध्वनिमुद्रण चांगल्या स्पीकरवर ऐकवलं, तर ‘यात जीव नाही’ असं डोळे मिटून सांगणारे फार थोडे निघतील.

तंबोऱ्याच्या बाजूचे लोक आणखी एक मुद्दा काढतात, आणि तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. मोबाइलच्या स्पीकरमधून खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, येतच नाही, असं ते म्हणतात. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी षड्ज मानून, गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. मोबाइलमधला नखाएवढा स्पीकर इतकी संथ हालचाल हवेत उमटवू शकत नाही, हे खरंच आहे. तरी ॲप लावल्यावर आपल्याला खर्ज ऐकू येतो. कसा? याच प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात जर्मनीत मोठा वाद झाला होता, आणि तोही आजच्यासारखाच वाकडा लढला गेला. १८४१ साली ऑगस्ट झेबेकने भोकं पाडलेल्या फिरत्या चकतीतून हवा सोडून स्वर काढले आणि दाखवलं, की मूळ कंपनसंख्येचा घटक ध्वनीत जवळजवळ नसला तरी कान तोच स्वर ऐकतो. विद्युतरोधाच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला गेऑर्ग ओम म्हणाला, असं होऊच शकत नाही. जो घटक ध्वनीत आहे तोच कान ऐकतो, बाकी भास. पुढे हेल्महोल्ट्झसारख्या दिग्गजाने ओमची बाजू उचलून धरली. हाच हेल्महोल्ट्झ विद्युतचुंबकांवर चालणारे नादकाटे एकत्र वाजवून ‘ओ’, ‘ऊ’सारखे स्वरवर्ण यंत्रातून काढत होता, कृत्रिम आवाजाचा तो एक पूर्वज. त्याच्या अधिकाराच्या वजनाखाली झेबेकचा प्रयोग दबला, आणि १९४०च्या सुमारास नेदरलँड्समध्ये स्काउटेनने पुन्हा प्रयोग केले तेव्हा कुठे त्याला न्याय मिळाला. वरचे उपस्वर एकमेकांपासून ६९-६९ हर्ट्झवर उभे असतील, तर ६९चा खर्ज कान आणि मेंदू स्वतः उभा करतात. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचं काही जात नसे. तरी वडिलांचा भारदस्त आवाज आपण ओळखत होतोच ना? त्यांच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या तर शंभर-सव्वाशेच्या आसपास असायची.

म्हणजे ऐकणं ही कान करत असलेली कृती आहे. हवेतून काही येऊन कानात पडलं आणि ऐकू आलं, इतकं ते सोपं नाही. माझा सगळा मुद्दा या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबते. कान जर घडवत असेल, तर तो घडवायला शिकतोही. आणि गाणाऱ्याचा कान शिकतो ती सगळ्यात जुनी जागा म्हणजे तंबोरा लावणं.

माझ्या गाण्याच्या बाईंच्या घरी दुपारची वेळ होती. मी नववीत असेन. त्यांनी मला जोडीच्या, म्हणजे एकाच षड्जात लागणाऱ्या मधल्या, दोन तारा मिळवायला सांगितल्या आणि स्वतः पाठमोऱ्या बसून गवार निवडायला घेतली. मी खुंटी फिरवली, छेडलं, पुन्हा फिरवली.

“झालं, बाई.”

“हलतेय अजून.”

मला काहीच हलताना ऐकू येईना. मी तार पुन्हा छेडली. मला तर दोन्ही तारा तंतोतंत एक वाटत होत्या. बाई उठल्या, ओल्या हाताने घोडीखालचा मणी केसभर सरकवला, दोन्ही तारा पाठोपाठ छेडल्या आणि म्हणाल्या, “तारेचं ऐकू नकोस. तारेच्या वरचं ऐक.” वर म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सापडायला मला पावसाळाभर लागला. एके दिवशी अचानक, नादाच्या बरंच वर, एक बारीक झिळमिळ संथपणे मोठी-लहान होताना ऐकू आली. मी मणी सरकवला. ती आणखी संथ झाली, आणि मग थांबली.

बाई काय सांगत होत्या, ते मला अकरावीत आकड्यांत कळलं. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर एका भागाला एक सेंट म्हणतात. दोन तारांची कंपनसंख्या जवळजवळ सारखी पण पुरती सारखी नसेल, तर आवाज ठरावीक गतीने वर-खाली होतो. पाठ्यपुस्तकात त्याला विस्पंद म्हणतात. काळी एकची जोडीची तार १३८.६ हर्ट्झची. दोन तारांत फक्त एक सेंटचा फरक असेल, तर मूळ स्वरात एक हेलकावा पुरा व्हायला साडेबारा सेकंद लागतात. तोवर तारेचा आवाज पुरता मंदावलेला असतो. तो फरक कुणालाही पकडता येणार नाही. पण दहाव्या उपस्वरात तोच फरक दहापट होतो, आणि हेलकावा सव्वा सेकंदात पुरा होतो. तो ऐकू येतो. साधी पट्टी दाखवू शकत नाही ते बारीक माप व्हर्नियर कॅलिपर दाखवतो, तसंच हे काम आहे. जवारी वरच्या उपस्वरांना बळ देते म्हणून तंबोरा गोड लागतो, एवढंच आपण म्हणत आलो. तिच्यामुळे सुराची चूक दहापट मोठी होऊन कानापुढे येते, हे आपण म्हणायला विसरलो. ती कानाचं भिंग आहे. आणि ज्या यंत्रात चूक आधीच काढून टाकलेली असते, त्यात या भिंगातून पाहण्यासारखं काही उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, पियानो वाजवणारे स्वतःचा पियानो लावत नाहीत, त्यासाठी वेगळा कारागीर येतो. म्हणून काय त्यांचे कान कच्चे असतात? मला हा सगळ्यात सबळ आक्षेप वाटतो. पण पियानोवर बोट ठेवलं की स्वर ठरलेला असतो. गळ्याला पट्ट्या नाहीत आणि पडदेही नाहीत. गाणारा प्रत्येक क्षणी स्वतःचा आवाज लावत असतो: वर जातो, ऐकतो, सावरतो, टेकतो. खुंटी फिरवताना कान जे करतो, तेच तो गाताना गळ्यासाठी करतो. व्हायोलिनवाला आपल्या तारा स्वतः लावतो, सतारिया स्वतः लावतो. मग ज्याच्या वाद्याला एकही खूण नाही, त्या गायकालाच आपण या कामातून मोकळं का करतो आहोत?

दुसरा आक्षेप ट्यूनरचा. पडद्यावर हिरवा दिवा लागला की तार जुळली, मग कान कशाला झिजवायचे? हिरवा दिवा डोळ्याला लागतो. शिवाय छेडल्याक्षणी तार जरा चढी असते आणि मग उतरते. यंत्र त्यातला कुठला क्षण धरतं, हे शिकणाऱ्याला माहीत नसतं. दोन्ही तारांना हिरवा दिवा मिळूनही त्या एकमेकींशी हलत असल्याचं मी अनेकदा ऐकलं आहे.

पेटीचे ठरलेले सूर आपल्या गाण्याला चालतात का, हा वाद इथे आठवावा, कारण तो आपण महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या लढलो. काळी एकच्या खर्जाचा पाचवा उपस्वर ३४६.५ हर्ट्झवर पडतो. तंबोरा नीट लागला की तो आपोआप ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. समान अंतरांनी लावलेल्या पेटीतली पांढरी चार मात्र ३४९.२वर असते. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे. सांगलीचे कृ. ब. देवल यांनी १९१०मध्ये सप्तकातल्या बावीस श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म स्वरांची, गुणोत्तरं मांडली. साताऱ्यातले ब्रिटिश न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्यासह श्रुतींच्या पेटीचा घाट घातला गेला. दुसऱ्या टोकाला, १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दारच बंद केलं, आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. दोन्हीकडे समज एकच होता, की सुराचा निकाल खोक्यात लागतो. खोकं दुरुस्त करा, नाहीतर खोकं हाकला. प्रत्यक्षात काय झालं? ज्यांचे कान तंबोऱ्यावर तयार झाले होते, ते गायक पेटीच्या साथीत गायले आणि पेटीचा गांधार बाजूला ठेवून आपल्या गांधारावर टेकले. आणि ज्या मुलांनी प्रत्येक स्वर पट्टी दाबून उचलला, त्यांचा गांधार पट्टीच्या मागे गेला. पेटी त्याच कारखान्यातली होती. फरक ज्याच्या त्याच्या कानात होता. १९६३ साली जयराजभॉय आणि स्टोन यांनी हिंदुस्थानी कलावंतांच्या सुरांची मोजमापं घेतली, तेव्हा तर गांधार एका ठिकाणी खिळलेला सापडलाच नाही. एकाच वादनात तो हलता निघाला. त्यामुळे ‘यंत्र अचूक, म्हणून श्रेष्ठ’ हा दावाही टिकत नाही. कलावंत अचूक आकड्यावर उभा नसतो. तो एका स्थिर नादाशी सतत बोलत असतो, आणि ते बोलणं यायला आधी त्या नादात काय काय आहे, हे ऐकू यावं लागतं.

तंबोरे बनवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवते. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला आनंद आहे. पण कारागिराचं पोट हे मुलाने तंबोरा विकत घेण्याचं कारण म्हणून पुढे करणं दोघांवरही अन्याय आहे. तंबोरा घ्यावा तो कानासाठी, आणि तो कानासाठी हवा असं लोकांना पटलं, तर मिरजेला मागणी येईलच.

करायचं काय? घरी खुशाल ॲप लावा. पण प्रत्येक वर्गात निदान एक तंबोरा असावा, आणि तो गुरूने लावून ठेवू नये. तासातली पहिली दहा मिनिटं विद्यार्थ्यांनी तो आळीपाळीने लावावा, मग त्यात गाणं तेवढं कमी झालं तरी चालेल. परीक्षेत तंबोरा लावून दाखवायला खराखुरा वेळ द्यावा, परीक्षकाने आधीच जुळवलेल्या जोडीवर विद्यार्थ्याला बसवू नये. आणि तंबोरा नसेल तिथे यंत्रालाच कामाला लावा. अनेक यंत्रांत आणि ॲपमध्ये प्रत्येक तार सुटी वर-खाली करता येते. ती सोय आपण कधी वापरतच नाही. शिक्षकाने एक तार थोडी बिघडवावी, आकडा झाकावा, आणि यंत्र मुलाच्या हातात द्यावं. सूर यंत्रातून आला तरी कान मुलाचाच लागतो.

मे महिन्यात माझी भाची राहायला आली होती. अकरा वर्षांची, काळी चारमध्ये गाते. तिच्या मोबाइलमधल्या जोडीची एक तार मी आठ सेंटनी चढवली, पडद्यावरच्या आकड्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि मोबाइल तिला दिला. तिने ऐकलं आणि लगेच म्हणाली, “मावशी, हे घुमतंय.” सेकंदाला एक असा तो हेलकावा होता, सहज ऐकू येणारा. तिने अंगठा वर सरकवला. घुमणं वाढलं. खाली सरकवला, कमी झालं. पुन्हा उलटसुलट करत ती पाचएक मिनिटं एका जागी बसून होती. एरवी ती एका जागी बसत नाही. मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “थांबली.”

मी ऐकलं. नादाच्या वर, अगदी संथ, काहीतरी अजून हलत होतं. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर एक आठी पडली, आणि अंगठा पुन्हा पडद्याकडे गेला.